डाव्या हाताचं मत

४ फेब्रुवारी

दादा,

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेज वहिनी वाचते, म्हणून पत्र. पत्र निदान फाडण्यासाठी तरी हातात घ्यावं लागतं.

बाबा बरे आहेत. म्हणजे होते तसेच आहेत. सकाळी मला ओळखतात, दुपारी ओळखल्यासारखं करतात, आणि संध्याकाळी मी कोण हे विचारायची लाज वाटते म्हणून हवापाण्यावर बोलतात. मी ठीक. झोपते, उठते, कॉलेजात जाते, परत येते. आई गेल्यापासून आतून काही येतच नाही. रडू नाही की राग नाही. तुझ्यावरचा रागसुद्धा आठवणीनेच करावा लागतो.

काल पालिकेचा माणूस बाबांच्या नावाचं पाकीट घेऊन दारात आला. त्यांच्या नावाने बिलाशिवाय काही आल्याला बरीच वर्षं झाली, म्हणून मी ते त्यांच्याच हातात दिलं. तिथेच चुकलं. त्यांनी ते उजव्या हाताने घेतलं, डावा अर्थातच खिशात. एवढं सगळं विसरले, पण हे विसरत नाहीत. परका माणूस दिसला की छापखान्याच्या कटिंग मशीनने अर्धी केलेली ती दोन बोटं खिशात जातात. माणूस जिना उतरून गेला की मग हात बाहेर.

पाकिटात नागरिक मंडळाचं बोलावणं होतं. बाबांचं नाव चिठ्ठीत निघालंय.

माझं काम काय ते तू कधी विचारलं नाहीस आणि मीही कधी सांगितलं नाही, म्हणून थोडक्यात सांगते. निवडणुका होतात, पण पैसा, शिक्षण आणि ओळखी असलेली मोजकी माणसं नंतर सगळं आपल्या बाजूला वळवून घेतात. ते कसं रोखायचं यावर मी अर्धं आयुष्य पानं खरडली. माझं म्हणणं असं की शहराच्या मोठ्या निर्णयांवर शेवटचा शब्द अशा माणसांचा असावा ज्यांना कुणी निवडलं नाही आणि कुणी नेमलं नाही. मतदार यादीतून चिठ्ठी टाकायची आणि निघेल त्याला बोलवायचं. पालिकेने ते मान्य केलं. लोक त्याला चिठ्ठीमंडळ म्हणतात. नियम मीच लिहिले, आणि त्यातला पहिला नियम असा की सदस्याची कसलीही पात्रता तपासायची नाही. दारात परीक्षा ठेवली की घर परीक्षा घेणाऱ्यांचं होतं. हे वाक्य माझं आहे, लोक भाषणात वापरतात.

आता आली का पंचाईत?

पत्राच्या खाली एक चौकट आहे. सांभाळणाऱ्या नातेवाइकाने सही केली की सदस्याचा नकार धरतात. ती चौकटही मीच घातली होती, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी. मी सही केली तर विषय संपतो. बाबा मात्र ते पत्र शर्टाच्या खिशात घालून घरभर फिरतायत. "मला बोलावलंय," म्हणतात. "कुठे?" विचारलं की म्हणतात, "ते बघू. पण बोलावलंय."

तुझं काय म्हणणं आहे ते कळव.

धाकटी


१७ फेब्रुवारी

दादा,

वहिनीचा मेसेज आला. "ते म्हणतात, बाबांचा तमाशा करू नकोस. तुझ्या पुस्तकासाठी तर मुळीच नको." म्हणजे पत्र वाचलंस. बरं झालं.

पुस्तकाचं म्हणशील तर ते आधीच छापून झालंय आणि कुणी विकत घेत नाही, तेव्हा ती काळजी सोड.

पण तमाशा हा शब्द मी दोन दिवस घेऊन बसले. आई गेल्यावर बाबांना तू तुझ्याकडच्या वृद्धाश्रमात न्यायला निघालास, तेव्हा मी म्हणाले होते, त्यांनाच विचारू. विचारलं, ते इथेच म्हणाले, आणि तू बॅग उचलून निघालास. जाताना जिन्यात म्हणालास, "प्रश्न विचारणारी तू, विचारायचा दिवस निवडणारी तू, आणि वर म्हणतेस बाबांनी ठरवलं." माझ्या सगळ्या टीकाकारांनी मिळून इतकं नेमकं कधी लिहिलं नाही.

म्हणून या वेळी दिवस निवडला नाही. चांगल्या दिवशी विचारलं, वाईट दिवशीही विचारलं. एकदा ते मला आई समजत होते तेव्हा विचारलं. दर वेळी त्यांना ती बातमी नवीनच असते. दर वेळी चेहरा उजळतो आणि म्हणतात, "मला? मग जायला हवं." तीच आनंदाची बातमी रोज नव्याने मिळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी चौकट कोरी ठेवली.

ज्याला गरज असेल त्या सदस्याला एक सोबती आणता येतो. त्याने मागच्या खुर्चीवर बसायचं, पाणी द्यायचं, बाथरूमला न्यायचं आणि मतदानाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. मला सोबती होता येत नाही कारण नियम मी लिहिलेत. त्यामुळे मावशी जातील, दिवसा बाबांना सांभाळतात त्या. त्या म्हणाल्या, "गप्प बसायचे पैसे मिळणार असतील तर मी वर्षभर जाईन."

आमच्या सरांचा फोन आला होता. ज्यांच्या हाताखाली मी शिकले ते सर, आई गेली तेव्हा डबे पाठवणारे. म्हणाले, "अगं, नियम नियमाच्या जागी. वडिलांना अपवाद म्हणून वगळून टाकू, कोण विचारतंय." मी म्हटलं, अपवाद कोण करणार? ते म्हणाले, "आपण." मग त्यांनी तब्येतीची चौकशी केली आणि फोन ठेवला.

धाकटी


६ मार्च

दादा,

वहिनीने विचारलंय, बाबा तिथे करतात काय. म्हणजे तूच विचारलंस.

प्रश्न बस डेपोचा आहे. शहराच्या मधोमध असलेली डेपोची जागा एका कंपनीला द्यायची, ती तिथे दुकानं आणि ऑफिसं बांधणार, आणि डेपो गावाबाहेर न्यायचा. पालिकेला पैसा मिळेल, रस्ते होतील. पण कडेच्या वस्त्यांच्या पहाटेच्या आणि रात्रीच्या बसगाड्या बंद होतील, कारण बाहेरून रिकाम्या गाड्या आणणं परवडत नाही. दोन्हीकडे बोलण्यासारखं आहे. मंडळाने ऐकायचं, विचारायचं आणि ठरवायचं.

मावशी त्यातल्याच एका वस्तीतून पहाटेच्या बसने येतात. डेपो गेला तर त्यांना आपलं घर सोडावं लागेल, म्हणजे आपल्या घरचं काम. बाबा दुसऱ्या कुणाला अंघोळ घालू देत नाहीत. दोन बायका ठेवून पाहिल्या, दोघींना त्यांनी साबण फेकून मारला. मावशींनाच कसं चालतं, कळत नाही. त्यांच्यासमोर डावा हात बाहेर असतो, एवढं मी पाहिलंय.

हे मी मंडळात कुणालाही सांगू शकत नाही. बाहेरच्या कुणी सदस्यांशी बोलायचं नाही आणि सभागृहात त्यांना खूण करायची नाही, हा दुसरा नियम. मोठ्या माणसांना बोलावं लागतच नाही, त्यांनी नुसती मान हलवली तरी खोलीला कळतं, म्हणून तो केला. मागच्या मंडळाच्या वेळी एका वकिलाला मी खोकल्याबद्दल बाहेर काढलं होतं. बिचाऱ्याला खरंच खोकला होता. पण तो नेमका वेळेवर खोकला, आणि दोन सदस्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याचा हेतू काय होता हे मी विचारलं नाही. हेतू विचारत बसलो तर सगळेच सुटतात.

बाबा पहिल्या रांगेत बसतात. जो बोलेल त्याला "अगदी बरोबर" म्हणतात. कंपनीचा माणूस बोलला, अगदी बरोबर. डेपोचे कामगार बोलले, अगदी बरोबर. पलीकडच्या खुर्चीवर एक शिंपीणबाई आहेत, त्यांनी बाबांना आपली उशी दिली आहे. मंडळाचं कामकाज चालवणाराही चिठ्ठीनेच ठरतो. सध्या एक तरुण दंतवैद्य आहे. तो सगळ्यांशी इतक्या हळुवारपणे बोलतो की लोक आपोआप आ करतात.

मी पाहुण्यांच्या बाकावर मागे बसते. बाबांची पाठ दिसते. ते कधी वळून बघत नाहीत.

वाईट वाटतं का, असं मावशींनी विचारलं. मी म्हटलं, नाही. खरंच वाटत नाही. वाटायला हवं, हे कळतं, तेवढंच.

धाकटी


२३ मार्च

दादा,

मतदान झालं. सोबत कात्रण पाठवतेय, फोटो आहे.

एकवीस सदस्य. डेपोची जागा द्यायच्या बाजूने अकरा, विरोधात दहा. अकरावा हात बाबांचा. फोटोत पहिल्याच रांगेत दिसतील, निळा शर्ट, तोच आईने घेतलेला. मी मतपत्रिका ठेवा म्हणत होते, मंडळाने हात वर करून मत द्यायचं ठरवलं. ठरवण्याचा हक्क त्यांचाच होता.

कंपनीचा माणूस टाळी वाजवणार होता, मग त्याने हात नुसते चोळले. सर माझ्या पुढच्या बाकावर होते. ते चष्मा काढून पुसत बसले. मावशींनी बाबांना उठवलं, काठी दिली, बाहेर आणलं. मला बघून बाबा म्हणाले, "आलीस? चल, भूक लागली."

घरी आल्यावर मावशींनी नेहमीसारखं त्यांना हात-पाय धुवायला नेलं. दाराआडून मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. "काय हो आजोबा, माझी बस घालवलीत ना." बाबा म्हणाले, "अगदी बरोबर." मग दोघंही हसले. मावशी खरंच हसल्या. डेपो हलायला वर्ष लागेल म्हणे. जाताना मला म्हणाल्या, "तोवर येतेच की."

मी भांडी घासली. मग घासलेली पुन्हा घासली.

धाकटी


३० मार्च

दादा,

तुझं काही नाही. वहिनीचंही नाही. तरी लिहिते, कारण इथे मला कुणाशी बोलता येत नाही.

परवा सर घरी आले. एकटे नाही, सोबत एक डॉक्टर आणि एक निवृत्त न्यायाधीश. दोघंही ओळखीचे, दोघंही या टेबलावर जेवलेले. सरांनी कागद पुढे केला. त्यात मी असं म्हणायचं की नियम लिहिताना एक गोष्ट राहून गेली. सदस्याला समज आहे की नाही, हे आधी तपासायला हवं होतं. एवढी ओळ माझ्या सहीने गेली की मतदान रद्द होतं, डेपो वाचतो आणि नवं मंडळ बसतं. या वेळी तपासणीसह.

"तपासणार कोण?" मी विचारलं.

"एक छोटी समिती," सर म्हणाले. "आम्ही तिघं. आणि तू."

"किती दिवसांसाठी?"

"कायमची. पण चांगली माणसं आहेत गं सगळी."

खरंच चांगली आहेत, दादा. इथेच घोडं पेंड खातं. आयुष्यभर मी लुटारूंसाठी कुलूप बनवत होते आणि किल्ली मागायला आली ती घरची माणसं. डॉक्टरांनी तर तेवढ्यात बाबांना बोलतंही केलं. आज वार कोणता, हे गाव कोणतं, असं. अनोळखी माणसं पाहून बाबांचा हात खिशात गेलेला. एकही उत्तर आलं नाही. बाबांना कळलं की ही परीक्षा आहे आणि आपण नापास होतोय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नंतर म्हणाले, "माझं काही चुकलं का?"

मी म्हटलं, नाही बाबा.

सर म्हणाले, "बघ, त्यांनी मत दिलं म्हणतेस, पण ते मत होतं का? तूच सांग." मी म्हटलं, विचार करून सांगते. हरकत नोंदवायला अजून पंधरवडा आहे.

सही केली तर बाबा रीतसर वेडे ठरतात, पेपरात नावासकट, आणि सरांची समिती दारात बसते. नाही केली तर कंपनीला जागा मिळते आणि मावशी जातात. मावशी गेल्या की मला बाबा घरी ठेवणं जमणार नाही. मग तुझा वृद्धाश्रम. म्हणजे तू जिंकलास. तुला आनंद होणार नाही, हे मला माहीत आहे.

धाकटी


८ एप्रिल

दादा,

वहिनीचा मेसेज आला. एकच ओळ. "ते विचारतायत, बाबांनी हात कुणाला केला?"

तू कात्रण भिंग घेऊन पाहिलं असशील. किंवा नसशीलही, तुला भिंगाची गरज नाही. फोटोत सगळ्यांचे उजवे हात आहेत, सरळ, शाळेत हजेरी देताना असतात तसे. बाबांचा डावा आहे, आणि दोन बोटं अर्धी.

शहरातल्या कुणाला त्यात काही दिसलं नाही. दिसणारी माणसं आता दोनच उरलीत, तू आणि मी. शाळा सुटल्यावर ते फाटकापाशी उभे असायचे, गर्दीतून आपण दिसलो की तो हात बाहेर यायचा. तू मोठा झाल्यावर लाजायचास आणि खाली बघत यायचास. त्या हाताने त्यांनी परक्यासमोर आयुष्यात कधी पेला उचलला नाही. मत द्यायला ते उचलतील तो हा हात नव्हे.

मला केला, दादा.

दंतवैद्य म्हणाला, "ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर." खुर्च्या हलल्या, सगळे सरसावले, काय चाललंय ते न कळून बाबा मागे वळले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आणि त्यांना मी दिसले. तुला त्यांचा तो चेहरा आठवत असेल. मी कोण हे त्यांना संध्याकाळी सांगावं लागतं, आणि त्या वेळी संध्याकाळ होती. पण त्यांनी ओळखलं. लगेच हात वर आला.

आणि मी उलट हात केला.

विचार केला नाही. कोणी केला असता? ते हात खाली घेणार होते, बोटं वळायला लागली होती. मी हात केल्यावर त्यांनी तो पुन्हा ताठ केला आणि हलवत राहिले. समोरून दंतवैद्य मोजत आला. मी हात खाली घेतला, पण ते हसत होते, त्यांचा हात वरच राहिला. दहा. अकरा.

तुला लिहिलं होतं की मला काही वाटत नाही. त्या क्षणी वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी इतकी खूश झाले की मतदान चाललंय हेच विसरले. माझे सगळे नियम, तो खोकणारा वकील, सगळं. मग आकडा ऐकला आणि पुन्हा सगळं बधिर झालं. तेव्हापासून तसंच आहे. हे मी सरांना सांगितलं नाही, मावशींना नाही, तुलाही नाही. कात्रण मात्र पाठवलं. का पाठवलं, ते तूच ओळख.

आता सांगायचं कुणाला, ते ठरवतेय.

धाकटी


२१ एप्रिल

दादा,

हरकत नोंदवली. सरांची नाही, माझी.

पालिकेच्या चौकशीच्या खोलीत एक लांब टेबल, पलीकडे तिघं अधिकारी. सर, डॉक्टर आणि न्यायाधीश मागच्या खुर्च्यांवर. त्यांना वाटत होतं मी तो कागद आणलाय. मी उभी राहिले आणि सांगितलं की मतदान चालू असताना बाहेरच्या एका व्यक्तीने एका सदस्याला हाताने खूण केली, आणि ती व्यक्ती मी.

टेबलापलीकडची मधली बाई म्हणाली, "पण त्यांनी आधी हात केला ना? तुमचे वडील आहेत, त्यांना कळत नसेल..."

मी म्हटलं, "सदस्याला काय कळतं हे तपासायचा हक्क तुम्हाला नाही. बाहेरच्या माणसाने खूण केली का, एवढंच तुम्ही तपासू शकता. केली."

"हेतू काय होता?"

"तो विचारायचा नसतो. नियम वाचा, मीच लिहिलाय."

त्यांनी कागद चाळले. सर उठून बाहेर गेले. नंतर जिन्यात भेटले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. म्हणाले, "एक ओळ लिहायची होतीस. स्वतःलाच बाद करून बसलीस." मी म्हटलं, सर, दारात कुणाला अडवायचंच असेल तर मला अडवणं जास्त बरं. ते रेलिंग धरून सावकाश उतरत गेले. या वेळी डबा येणार नाही.

मतदान रद्द झालं. कारण लिहिलंय: बाहेरील व्यक्तीचा हस्तक्षेप. बाबांबद्दल एक शब्द नाही. मंडळ तेच राहणार, एकवीसही जण तेच, आणि पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला पुन्हा मत देणार. तपासणी समिती बारगळली, कारण तपासण्यासारखं काही कागदावर उरलं नाही. मला त्या इमारतीत पाऊल टाकायला बंदी आहे, आणि नियमांचं कामही काढून घेतलं. कॉलेजने खुलासा मागितलाय. पेपरात आलं, "नियम लिहिणारीनेच मोडला नियम." बरोबरच आहे. कंपनीचा माणूस म्हणाला की चिठ्ठीमंडळ आधीपासूनच बाईच्या घरचं होतं.

बाबांना सांगितलं की पुन्हा बोलावलंय. "मला? मग जायला हवं."

आता कामाचं लिहिते. मावशी या वेळी सोबतीला जायला तयार नाहीत. म्हणाल्या, "ताई, माझीच बस आहे ती. उद्या म्हणतील मीच हात खाली धरला. माझ्यामुळे आजोबांना बोल नको." त्यांचं बरोबर आहे. मी तर फाटकाच्या आतही जाऊ शकत नाही. दुसरं माणूस आपल्याकडे नाही. सोबती आला नाही तर बाबा तिथे बसू शकणार नाहीत, आणि मग ज्यांनी त्यांना घरी बसवायचं ठरवलं होतं त्यांच्याच मनासारखं होईल.

तू येशील का?

तू कुठल्या बाजूचा, मी विचारत नाही. डेपो राहिला तर मावशी राहतील, गेला तर बाबा तुझ्याकडे येतील, हे दोन्ही तुला माहीत आहे. म्हणजे तुझाही यात हितसंबंध आहे, आणि माझ्या जुन्या नियमाने मी तुला सोबती केलं नसतं. पण नियम आता माझे नाहीत, आणि पालिकेने मुलगा चालेल म्हटलंय. तू पाणी द्यायचंस, काठी द्यायचीस आणि तोंड उघडायचं नाहीस. प्रश्न विचारणारी मी नसेन आणि दिवस निवडणारीही मी नसेन. तुला हवं होतं तसंच आहे.

फक्त एक. तुझी खुर्ची त्यांच्या मागे असेल. दंतवैद्य "हात वर" म्हणेल तेव्हा खुर्च्या हलतील आणि ते पुन्हा वळतील. तुला पाहून दोन वर्षं झालीत. त्यांनी ओळखलं नाही तर डावा हात खिशातच राहील, आणि तुला ते दिसेल. ओळखलं तर तो बाहेर येईल.

तेव्हा तू हात करू नकोस. दोन्ही हात मांडीखाली घेऊन बस, आई रागवायची तेव्हा बसायचास तसा. त्यांच्याकडे बघ हवं तर, पण हात करू नकोस. ते जरा वेळ वाट बघतील, मग समोर वळतील, आणि त्यानंतर जो हात वर जाईल किंवा जाणार नाही, तो त्यांचा.

मोजणी झाली की मग कर. मी रस्त्याच्या पलीकडे, फाटकासमोर उभी असेन.

धाकटी